मोटारसायकलला मेन्टेनन्स चार्जर कसा जोडावा? काळा चिमटा बॅटरीला की चासीला?

सागरवाट
नमस्कार मंडळी,

मी जहाजावर नोकरी करतो, त्यामुळे वर्षातले सात-आठ महिने घराबाहेर असतो. रत्नागिरीजवळच्या घरी पडवीत माझी हिमालयन ४११ (बीएस ६) उभी असते. या गाडीला किक नाही, म्हणजे सेल्फ चालला नाही तर गाडी जागची हलत नाही. गेल्या तीन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. दोन्ही वेळा सुट्टीवर आल्यावर किल्ली फिरवली, मीटरचा दिवा मिणमिणला आणि बटण दाबताच सीटखालून नुसती टक् टक् ऐकू आली. दुसऱ्या बॅटरीवर तर ९.४ व्होल्टच भरले आणि रात्रभर चार्ज करूनही ती पुन्हा उभी राहिली नाही.

या खेपेस मी ०.८ अँपिअरचा मेन्टेनन्स चार्जर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, आणला आहे. त्याच्यासोबत दोन वायरी आल्या आहेत. एकीला चिमटे आहेत आणि दुसरीला बोल्टखाली बसणाऱ्या थिंबल. माहितीपत्रकात लिहिले आहे की लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला आणि काळा चिमटा बॅटरीपासून दूर, चासीला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) लावावा. आमचे गॅरेजवाले दादा मात्र म्हणतात की दोन्ही सरळ बॅटरीलाच लावायचे असतात, चासीचा काही संबंध नाही. यात बरोबर कोण, आणि का? दुसरी शंका अशी की हा चार्जर चार-चार महिने तसाच जोडून ठेवला तर चालेल का? आमच्याकडे वीज येऊन-जाऊन असते. दोन आठवड्यांनी मला निघायचे आहे, त्याआधी हे काम नीट करून जायची इच्छा आहे.

घाटवळण
एवढा खटाटोप कशासाठी? घरात कोणी असेल तर त्यांना आठवड्यातून एकदा गाडी दहा मिनिटे सुरू करून ठेवायला सांगा. माझ्या वडिलांनी त्यांची जुनी गाडी पावसाळ्यात वर्षानुवर्षे अशीच सांभाळली आणि बॅटरी पाच वर्षे टिकली.

विद्युतमापक
घाटवळण, आपल्या वडिलांच्या गाडीबाबत ही युक्ती नक्कीच चालली असेल, परंतु आजच्या गाडीला ती लागू पडत नाही, आणि याचे कारण बहुतेक लोक चुकीचे सांगतात. सेल्फ मारण्यातच सगळी वीज जाते असे म्हणतात, ते खरे नाही. सेल्फने १०० अँपिअर ओढले आणि गाडी दोन सेकंदांत सुरू झाली असे धरले, तरी खर्च ०.०६ अँपिअर-तासाहून कमी होतो. ८ अँपिअर-तासाच्या बॅटरीला ते काहीच नाही.

अडचण पुढे येते. १ एप्रिल २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत बंद करता येत नाही. ५५ वॉटचा हॅलोजन दिवा एकटाच सुमारे ४ अँपिअर खातो, आणि त्याच्या जोडीला पेट्रोलचा पंप, इंजेक्टर व इग्निशन आहेत. गाडी जागेवर मंद गतीने चालत असताना वीज तयार करणारी मॅग्नेट कॉइल जेमतेम तेवढेच देते, त्यामुळे बॅटरीकडे फारसे काही उरत नाही. शिवाय दहा मिनिटांत इंजिन पुरते तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि तेलात धरलेले पाणी तिथेच राहते आणि पावसाळ्यात त्याचा गंज होतो. गाडी सुरू करायचीच असेल तर वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणली पाहिजे.

आता बॅटरी का मरते ते सांगतो. लेड-ॲसिड बॅटरी उतरत जाते तसतसे तिच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमते. लगेच चार्ज केले तर ते पुन्हा विरघळते, पण महिनोन्महिने तसेच राहिले तर त्याचे कठीण स्फटिक होतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणून ९.४ व्होल्टपर्यंत गेलेली बॅटरी रात्रभर चार्ज करूनही उठली नाही. विसावलेल्या बॅटरीवर १२.७ ते १२.८ व्होल्ट दिसले तर ती भरलेली समजावी, १२.४ दिसले तर पाऊण, आणि १२.२ दिसले तर अर्धी. १२.४ च्या खाली ती फार दिवस राहू देऊ नये.

सागरवाट, एक विचारायचे राहिले. गाडीला जीपीएस लावला आहे का?

सागरवाट
हो, चोरीच्या भीतीने बाहेरून बसवून घेतला आहे. त्याने एवढा फरक पडतो का?

विद्युतमापक
फार पडतो. माझ्या गाडीवर मी मोजले होते. किल्ली बंद असताना घड्याळ व ईसीयू (इंजिनाचा संगणक) मिळून २ मिलिअँपिअर जात होते, आणि जीपीएस जोडल्यावर तोच आकडा १२ झाला. १२ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.२९ अँपिअर-तास. या हिशेबाने ८ अँपिअर-तासाची बॅटरी चार आठवड्यांत पूर्ण रिकामी होते, आणि सेल्फला ती त्याच्या कितीतरी आधी नकार देते. फक्त २ मिलिअँपिअर असते तर हाच काळ साडेपाच महिन्यांचा झाला असता.

आपल्या गाडीचा आकडा मोजायचा असेल तर मायनसची केबल सोडून ती केबल व बॅटरीचे टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर घाला, सुरुवात १० अँपिअरच्या खाचेपासून करा, आणि मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नका व सेल्फ तर मुळीच मारू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल.

तीनफेज
आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर अर्धवट दिले तर अपघात होऊ शकतो. मी बावीस वर्षे वायरिंगचे काम करतो.

आपले माहितीपत्रक चिमट्यांबद्दल बोलत आहे आणि आपले गॅरेजवाले थिंबलबद्दल. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, आणि हवेत तो ४ टक्क्यांपर्यंत साठला की ठिणगीने पेट घेतो. चिमट्यांनी जोडताना ठिणगी पडते ती शेवटचा चिमटा टेकवताना. तो शेवटचा चिमटा बॅटरीच्या तोंडावर न टेकवता हातभर दूर, इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवला तर ठिणगी वायूपासून लांब पडते. म्हणून आधी लाल चिमटा प्लसला, मग काळा चासीला, आणि सर्वांत शेवटी भिंतीवरचा प्लग. काढताना बरोबर उलट, म्हणजे आधी प्लग, मग काळा, मग लाल. काळा चिमटा पेट्रोलच्या नळीजवळ, कार्ब्युरेटरवर किंवा पातळ पत्र्यावर लावू नये. फ्रेमवर जाड पावडर-कोटिंग असते, त्यावर तो नुसता बसल्यासारखा दिसतो पण वीज जात नाही, म्हणून रंग नसलेला जाडजूड बोल्ट शोधावा.

थिंबलची वायर कायमची बसते. दोन्ही थिंबल सरळ बॅटरीच्या दोन टोकांवर कसायच्या आणि जोडणीचे टोक सीटखालून बाहेर काढायचे. रोजची जोडणी त्या बाहेरच्या टोकावर होते, बॅटरीजवळ ठिणगी पडायचा प्रश्नच येत नाही.

डोंगरयात्री
वाचनखूण साठवली आहे.

निळीपताका
तीनफेज, मग काळी थिंबलसुद्धा चासीलाच का कसू नये? बॅटरीच्या मायनसला आधीच जाड केबल असते, तिथे गर्दी कशाला? माझ्या चारचाकीच्या पुस्तिकेत तर स्पष्ट लिहिले आहे की चार्जरची मायनस चासीलाच जोडावी.

श्टुटगार्टकर
निळीपताका, चारचाकीचा तो सल्ला वेगळ्या कारणासाठी असतो. अलीकडच्या अनेक मोटारींत बॅटरीच्या मायनस टोकावर एक छोटा सेन्सर असतो आणि बॅटरीत किती वीज आली-गेली याचा हिशेब तो ठेवतो. चार्जर थेट टोकाला जोडला तर आलेली वीज सेन्सरला दिसत नाही आणि हिशेब चुकतो. हिमालयनसारख्या मोटारसायकलीत असा सेन्सर नसतो.

मी जर्मनीत राहतो. इथे मोसमी क्रमांकपाटी मिळते. माझ्या पाटीवर ०३ आणि १० हे आकडे छापलेले आहेत, म्हणजे मार्च ते ऑक्टोबर एवढेच महिने गाडी रस्त्यावर आणता येते, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती गॅरेजात उभी असते. थंडीत बॅटरी भरलेली ठेवण्याला आणखी एक कारण आहे. भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांलाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरते आणि ते उणे १० अंशांच्या आसपास गोठून खोका फोडते.

माझी गाडी बीएमडब्ल्यू आहे आणि तिला चार्जरसाठी सोयीचे दिसणारे एक सॉकेट आहे. पहिल्या हिवाळ्यात मी साधा चार्जर त्यातच खुपसला आणि निश्चिंत झालो. किल्ली बंद केल्यावर थोड्या वेळाने गाडीचा संगणक ते सॉकेट बंद करतो, हे मला मार्चमध्ये बॅटरी मेल्यावर कळले. त्या सॉकेटला गाडीच्या संगणकाशी जुळणारा खास चार्जर लागतो. तेव्हापासून मी थिंबलची वायर थेट बॅटरीला लावली आहे आणि सात हिवाळे तीच बॅटरी टिकली आहे.

तीनफेज
श्टुटगार्टकर यांनी निम्मे उत्तर दिलेच आहे. उरलेले निम्मे असे की चासीवरचा सांधा दोन पावसाळ्यांत गंजतो, तिथे विरोध वाढतो आणि चार्जरला बॅटरीचे खरे व्होल्टेज न कळता थोडे जास्त दिसते. तो १४.४ व्होल्ट झाले असे समजून लवकर हात आखडता घेतो आणि बॅटरी अर्धपोटी राहते. शिवाय उद्या जीपीएसचा खर्च टाळण्यासाठी मायनसची जाड केबल सोडून ठेवली, तर चासीवरच्या थिंबलचे सर्किटच पुरे होत नाही.

बसवण्याची पद्धत सांगतो. किल्ली काढून ठेवा. दहाचा पान्हा घ्या. आधी मायनसचा बोल्ट सोडा, मग प्लसचा, आणि लावताना आधी प्लस, मग मायनस. हा क्रम पाळण्याचे कारण असे की मायनस जोडलेली असताना प्लसवरचा पान्हा फ्रेमला टेकला, तर पूर्ण बॅटरी पान्ह्यातून शॉर्ट होते. मी अशा पान्ह्याचे तोंड बोल्टला चिकटून बसलेले पाहिले आहे. गाडीची जाड केबल बॅटरीच्या टोकाला थेट लागू द्या आणि पातळ थिंबल तिच्यावर ठेवा, मधे घालू नका. सेल्फचा प्रचंड प्रवाह जाड केबलमधून जातो, त्याच्या वाटेत पातळ पत्रा नको.

प्लसच्या वायरीत फ्यूज असलाच पाहिजे आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. ५ किंवा ७.५ अँपिअरचा चालतो. लोकांना वाटते की चार्जर ०.८ अँपिअरचा आहे, मग फ्यूज कशाला. तो फ्यूज चार्जरसाठी नाहीच. वायर कुठे सोलली गेली तर तिच्यातून बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते, आणि त्यासाठी तो आहे.

कोयनाकाठ
तीनफेज यांनी फ्यूजबद्दल लिहिले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून सांगतो. एका ओळखीच्या दुकानातून मी बिनफ्यूजची तयार वायर आणली होती. ती सीटच्या कुलपाच्या पट्टीवरून गेली होती आणि प्रत्येक वेळी सीट दाबून बसवताना थोडी थोडी चेपत होती. एका दुपारी कराडला चहासाठी थांबलो होतो, तेव्हा सीटखालून रबर जळाल्याचा वास आला. सीट उघडली तर लाल वायरीवरचे प्लास्टिक पाक झालेल्या गुळासारखे फ्रेमवर ओघळले होते आणि आतली तांब्याची तार काळीनिळी पडली होती. जवळच्या माणसाने तत्परतेने मायनस सोडली म्हणून गाडी वाचली. तेव्हापासून सीट बसवल्यानंतर वायर हाताने मागेपुढे हलवून पाहतो, आणि ती मोकळी सरकली तरच केबल टाय घट्ट करतो.

विद्युतमापक
फार मोलाचा अनुभव. यात एकच भर घालतो. बाहेर काढलेल्या जोडणीच्या टोकात दोन भाग असतात, एक पिन उघडी असते आणि एक झाकलेली. बॅटरीकडच्या बाजूला उघडी पिन मायनसची असली पाहिजे, म्हणजे ती चुकून फ्रेमला लागली तरी काही होत नाही. घरी वायर बनवणाऱ्यांकडून हे उलटे होते, म्हणून चार्जर लावण्याआधी मल्टिमीटरने एकदा पाहून घ्यावे. वापर नसताना त्या टोकाला रबरी टोपण लावावे.

वऱ्हाडी_वाटसरू
चार्जर कायम जोडून ठेवावा की नाही, यावर कोणी बोलले नाही. मी अकोल्यात राहतो. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ४५ अंश सहज होतात. मी चार्जर सलग तीन महिने लावून ठेवला आणि बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगल्या. सीलबंद बॅटरी होती, पाणी घालायची सोय नव्हती.

विद्युतमापक
आपला अनुभव शास्त्राला धरूनच आहे. बॅटरी भरल्यानंतर मेन्टेनन्स चार्जर १३.५ ते १३.८ व्होल्टवर येऊन थांबतो, पण हा आकडा २५ अंशांसाठी असतो. तापमान वाढेल तसा तो प्रत्येक अंशामागे साधारण ०.०२ व्होल्टने उतरायला हवा, म्हणजे ४५ अंशांला ०.४ व्होल्ट कमी. तापमान ओळखणारा चार्जर ते आपोआप करतो, साधा करत नाही, आणि जास्तीच्या व्होल्टेजने आतले पाणी उडते. दुसरीकडे उन्हाळ्यात बॅटरी आपोआप उतरण्याचा वेगही दर १० अंशांना जवळपास दुप्पट होतो, म्हणून तिला तशीच सोडूनही चालत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात चार्जर पंधरवड्यातून एक रात्र लावावा आणि सकाळी काढावा, असे माझे मत आहे. रत्नागिरीच्या पडवीत जून ते सप्टेंबर तापमानाची ही अडचण येत नाही.

मात्र पूर्वीचे साधे ट्रिकल चार्जर, जे भरल्यानंतरही तोच प्रवाह ढकलत राहतात, ते कुठल्याही हवेत कायम जोडू नयेत. आणि चारचाकीचा ६-८ अँपिअरचा चार्जरही या छोट्या बॅटरीला लावू नये. क्षमतेच्या दहाव्या भागाइतका प्रवाह पुरे असतो, त्या हिशेबाने सागरवाट यांचा ०.८ अगदी योग्य आहे.

घाटवळण
विद्युतमापक, हेडलाइटचा हिशेब पटला. माझी गाडी २०१९ ची आहे आणि मीही तिला दहा मिनिटेच चालवत होतो. आता पद्धत बदलतो. एक शंका आहे. बॅटरी काढून घरात ठेवली तर? आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग नाही, आणि जमिनीवर ठेवलेली बॅटरी उतरते असे ऐकले आहे.

तीनफेज
काढून ठेवणे उत्तमच आहे, जीपीएस व घड्याळाचा खर्च आपोआप थांबतो. जमिनीची गोष्ट पूर्वीच्या कडक रबराच्या खोक्यांची आहे. आजच्या प्लास्टिकच्या खोक्यातून वीज झिरपत नाही. फक्त बंद कपाटात चार्ज करू नका, खिडकीजवळ करा, आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असे पाहा. टोकांवर पांढरी भुकटी आली असेल तर खाण्याचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्याने पुसा, कोरडी करा आणि जोडणीनंतर वरून व्हॅसलीनचे बोट फिरवा.

पार्किंगमध्ये प्लग घ्यायचा असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या. मेन्टेनन्स चार्जर सरासरी ५ वॉट खातो असे धरले तरी महिन्याला साडेतीन युनिटच होतात, आणि ते पैसे आधीच देऊ केले की नकार येत नाही, असा माझा अनुभव आहे. वायर पायवाटेवरून नेऊ नका आणि त्या प्लगला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असू द्या.

सह्याद्रीपाऊस
मी सावंतवाडीचा आहे, म्हणून विजेच्या येण्या-जाण्याबद्दल लिहितो. काही चार्जरवर मोड निवडण्याचे बटण असते. वीज गेली आणि परत आली की ते आधीच्या मोडवर न येता तसेच थांबून राहतात, दिवा लागलेला दिसतो पण चार्जिंग सुरू नसते. माझा एक अख्खा पावसाळा असा गेला. सागरवाट, निघण्यापूर्वी एक प्रयोग कराच. चार्जर सुरू करा, भिंतीवरचे बटण एक मिनिट बंद करून पुन्हा लावा, आणि चार्जर आपणहून कामाला लागतो का ते पाहा.

दुसरे म्हणजे, वळवाच्या दिवसांत आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे विजा फार पडतात. गडगडाट सुरू झाला की प्लग काढणारे कोणीतरी घरी असले पाहिजे. तसे कोणी नसेल तर चार्जर जोडून जाऊ नका. मायनसची केबल सोडा, तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळा आणि बॅटरी पूर्ण भरून ठेवा, एवढ्यावरही चार महिने निघतात.

निळीपताका
लिथियम बॅटरी बसवली असेल तर हाच चार्जर चालेल का?

विद्युतमापक
चार्जरवर लिथियमचा वेगळा मोड असेल तरच. सल्फेट काढण्यासाठी काही चार्जर १५ व्होल्टच्या वरचे ठोके देतात, ते लिथियमला घातक आहेत. लेड-ॲसिडलासुद्धा तो मोड बॅटरी गाडीतून काढल्याशिवाय वापरू नये, ईसीयूला तेवढे व्होल्टेज देणे योग्य नाही.

सागरवाट
सर्वांचे मनापासून आभार. माहितीपत्रक पुन्हा नीट वाचले, तेव्हा थिंबलची जोडणी मागच्या पानावर वेगळी दिलेली सापडली. मी फक्त चिमट्यांचे पान वाचून अडून बसलो होतो.

काल सकाळी काम केले. मायनस आधी सोडली, दोन्ही थिंबल जाड केबलींच्या वर कसल्या, ७.५ चा फ्यूज बॅटरीच्या शेजारी बांधला. कोयनाकाठ यांचे वाचल्यामुळे सीट बसवून वायर हलवून पाहिली, तर ती खरोखरच कुलपाच्या पट्टीखाली अडकत होती. दुसऱ्या बाजूने फिरवून घेतली. जीपीएससह किल्ली बंद असताना ९ मिलिअँपिअर भरले. सह्याद्रीपाऊस यांनी सांगितलेला प्रयोगही केला, चार्जर आपणहून पुन्हा सुरू होतो. प्लगशेजारी वडिलांसाठी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला आहे: गडगडाट झाला की आधी प्लग.

चार्जरने काल रात्री दहाच्या सुमारास हिरवा दिवा दाखवला. आज सकाळी प्लग काढून दोन तासांनी मोजले, तेव्हा १२.८ व्होल्ट होते. परवा निघतो आहे.

सागरवाट
बंदरात आज नेटवर्क मिळाले म्हणून कळवतो. निघून अकरा आठवडे झाले. भावाने मीटरचा फोटो पाठवला आहे, चार्जर जोडलेला असताना १३.६ व्होल्ट. मध्ये दोनदा रात्रभर वीज नव्हती. वडिलांनी आठ-दहा वेळा प्लग काढला आणि पाऊस थांबल्यावर पुन्हा लावला. काल भाऊ गाडी पावस गावाला नेऊन आला, सेल्फ पहिल्या दाबात लागला.

तीनफेज
वाचून फार समाधान वाटले. दिवाळीनंतर दोन्ही बोल्ट एकदा पान्ह्याने तपासून घ्या, नवीन थिंबल बसल्यावर ते थोडे सैल होतात.